तीव्र आम्ल आणि संहत आम्ल



रसायनशास्त्र हा माझा विषय नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे. माझे शिक्षण मराठी साहित्याचे. आम्ल आणि अल्कली यांच्याशी असलेला माझा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला होता. पुढे अनुवादाच्या कामाने तो पुन्हा जोडला गेला. सामान्य वाचकासाठी लिहिलेले रसायनशास्त्रावरील एक पुस्तक अनुवादासाठी माझ्याकडे आले. त्यातील एका प्रकरणाने मला जवळजवळ दोन महिने थांबवून ठेवले, आणि त्या प्रकरणातील एका वाक्यासंबंधी मी आज आपल्यापुढे बोलणार आहे. येथे विज्ञानाचे शिक्षक आहेत, तशीच अनुवाद करणारी मंडळीही आहेत. शिक्षकांना माझे रसायन अगदी प्राथमिक वाटेल आणि अनुवादकांना ते कदाचित कंटाळवाणे वाटेल. दोघांनीही थोडे सांभाळून घ्यावे, ही विनंती.

ते वाक्य तसे साधे होते. आम्लाचे द्रावण जितके अधिक संहत, तितकी त्याच्या उदासिनीकरणाला अल्कली अधिक लागते, असा त्याचा आशय. ‘संहत’ हा शब्द मला जड वाटला. वाचक तेथे अडखळेल असे वाटले. म्हणून पहिल्या खर्ड्यात मी लिहिले : ‘आम्ल जितके तीव्र, तितकी अल्कली जास्त लागते.’ वाक्य सुटसुटीत झाले, याचे मनाशी समाधानही वाटले. खर्डा तपासण्यासाठी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या सरांकडे गेला. तो परत आला तेव्हा त्या ओळीखाली तांबड्या शाईची रेघ होती आणि समासात दोनच शब्द होते : ‘वाक्य खोटे.’

भाषा बोजड आहे, वाक्य लांबले आहे, असे शेरे अनुवादकाच्या अंगवळणी पडलेले असतात. खोटेपणाचा शेरा मला त्यापूर्वी कोणी दिला नव्हता. मी सरांना भेटावयास गेले. तीव्र म्हणजे जोरदार, आणि ज्यात आम्ल पुष्कळ ते जोरदारच असणार, असा माझा युक्तिवाद होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, “शनिवारी दुपारी प्रयोगशाळेत या. सुती साडी नेसून या, आणि पदर खोचून घ्या.”

त्या शनिवारी टेबलावर चार शंकूच्या आकाराचे चंबू मांडलेले होते. प्रत्येकात २५ मिलिलिटर आम्ल मोजून घातलेले. चारही द्रावणे पाण्यासारखी स्वच्छ, कोणते कोणते हे डोळ्यांना कळू नये अशी. वर ब्युरेट, म्हणजे खुणा केलेली, खाली तोटी असलेली उभी काचनळी; तीत सोडियम हायड्रॉक्साइडचे, आपल्या व्यवहारातील कॉस्टिक सोड्याचे, द्रावण भरलेले. त्याची संहती दर लिटरला ०.१ मोल इतकी होती. मोल हे रसायनातले माप. डझन म्हटले की जसे बारा, तसे मोल म्हटले की कणांची एक ठरावीक, फार मोठी संख्या. मराठीत ‘मोल’ म्हणजे किंमत. हा केवळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवण्यास बरा. एका लिटरात किती मोल विरघळले आहेत, त्यावरून द्रावणाची संहती ठरते. जास्त मोल असतील तर द्रावण संहत, कमी असतील तर विरल. पदार्थ कोणता, याच्याशी या मोजणीचा काही संबंध नाही. साखरेचा पाकही संहत असतो.

पहिल्या चंबूत हायड्रोक्लोरिक आम्ल होते, दर लिटरला ०.१ मोल. दुसऱ्यात तेच आम्ल, पण दुप्पट संहतीचे, म्हणजे ०.२ मोल. तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल, शिरक्याला आंबटपणा देणारे. त्याची संहती पहिल्याइतकीच, ०.१ मोल. चौथ्यात सल्फ्यूरिक आम्ल, तेही ०.१ मोल. सरांनी माझ्यापुढे कागद सरकवला आणि कोणत्या चंबूला किती अल्कली लागेल याचा अंदाज आधी लिहून ठेवावयास सांगितले. पहिल्यापुढे मी ‘२५’ लिहिले, कारण दोन्ही द्रावणांची संहती सारखी होती. दुसऱ्यापुढे ‘५०’. तिसऱ्यापुढे पुष्कळ विचार करून ‘२ किंवा ३’ लिहिले. शिरका आपण चमच्याने चाखतो, हायड्रोक्लोरिक आम्लाला हात लावत नाही, हे माझे तर्कशास्त्र. चौथ्यापुढे ‘४०’ लिहिले. त्याला कारण काही नव्हते, सल्फ्यूरिक आम्लाची भीती एवढेच.

प्रत्येक चंबूत फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकले. आम्लात हा दर्शक रंगहीन असतो आणि अल्कली किंचित वरचढ झाली की गुलाबी होतो. तोटी उघडली. ब्युरेटमधून पडणाऱ्या धारेभोवती गुलाबी रंग उमटे आणि चंबू हलविताच नाहीसा होई. पहिल्या चंबूत २५ मिलिलिटरला रंग टिकला. दुसऱ्यात ५० ला. येथवर माझा कागद बरोबर होता. तिसऱ्या चंबूत मी तिसऱ्या मिलिलिटरापासून रंगाची वाट पाहू लागले. दहा झाले, पंधरा झाले, वीस झाले. रंग टिकला तो २५ वरच. हायड्रोक्लोरिक आम्लाला जितकी अल्कली लागली होती, बरोबर तितकीच.

चौथ्या चंबूला ५० लागली. त्याचे कारण सरांनी एका वाक्यात सांगितले : सल्फ्यूरिक आम्लाचा प्रत्येक रेणू हायड्रोजनचे दोन आयन देऊ शकतो, म्हणून त्याच्या एका मोलाला अल्कलीचे दोन मोल लागतात. हे चटकन पटण्यासारखे होते. तिसरा चंबू मात्र पटेना.

शेतकरी माती तपासून आणतात त्या कागदावर ‘सामू’ असा एक आकडा असतो. द्रावण किती आम्लधर्मी आहे ते हा आकडा सांगतो. ७ म्हणजे उदासीन. जितका खाली तितके आम्लधर्मी. आणि एकेका आकड्याने खाली उतरले की हायड्रोजन आयनांची संहती दहापट वाढते. सरांनी पहिल्या व तिसऱ्या द्रावणाचा सामू मोजून दाखविला. हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ आला, ॲसेटिक आम्लाचा ३ च्या थोडा खाली. म्हणजे दोहोंत आम्लाचे रेणू सारखेच असताना मोकळे हायड्रोजन आयन पहिल्यात सुमारे पाऊणशे पट अधिक. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात गेले की त्याचे जवळजवळ सर्व रेणू फुटून आयन मोकळे होतात. अशा आम्लाला तीव्र म्हणतात. ॲसेटिक आम्लाच्या या द्रावणात दर शंभर रेणूंपैकी एखादाच रेणू फुटलेला असतो, बाकीचे अखंड असतात. ते सौम्य आम्ल. तीव्रता हा त्या आम्लाचा स्वभाव होय. संहती हे त्याचे प्रमाण होय. पहिली आपल्या हाती नसते, दुसरी असते.

पण मग सौम्य आम्लाला अल्कली तेवढीच का लागावी? घरी परतताना बाजार समितीवरून जाताना मला त्याचे उत्तर सुचले आणि दुसऱ्या दिवशी सरांनी ते मान्य केले, म्हणून आपल्यालाही सांगते. दोघा शेतकऱ्यांकडे शंभर-शंभर पोती ज्वारी आहे. एकाने सगळी पोती बाजारात आणून रचली आहेत. दुसऱ्याने एकच पोते बाजारात ठेवले आहे. ते विकले गेले की घरातून पुढचे आणतो. बाजारात उभे राहून पाहणाऱ्याला पहिला शेतकरी धनाढ्य दिसेल, दुसरा गरीब. तो पाहणारा म्हणजे सामू. पण ज्या व्यापाऱ्याला दोघांचाही सगळा माल उचलायचा आहे, त्याला दोन्हीकडे शंभर पोत्यांचे पैसे मोजावे लागतात. तो व्यापारी म्हणजे अल्कली. मोकळे आयन ती वेचू लागली की तुटवडा भरून काढण्यासाठी आणखी रेणू फुटतात, आणि हे शेवटचा रेणू संपेपर्यंत चालते.

आता माझे वाक्य खोटे कसे, ते उघड होते. तीव्रतेने अल्कलीचे प्रमाण वाढत नाही. ते संहतीने वाढते. आमच्या घरी ताकाच्या बाबतीत ही चूक कोणी केली नसती. घट्ट ताक वेगळे, आंबट ताक वेगळे. पाण्यासारखे पातळ ताकही आंबटढाण असू शकते. स्वयंपाकघरात आपण जपतो तो भेद कागदावर लिहिताना मी पुसून टाकला होता.

त्या शनिवारी आणखी एक गोष्ट पाहिली. संहतीचा परिणाम केवळ किती अल्कली लागते एवढ्यावरच होत नाही. ती पुरी पडली हे किती स्पष्टपणे कळते, यावरही होतो. ०.१ मोलाच्या पहिल्या चंबूत २५ मिलिलिटरच्या एक थेंब अलीकडे सामू ४ च्या आसपास होता आणि एक थेंब पलीकडे १० च्या आसपास. दोन थेंबांत सहा आकड्यांची उडी. म्हणून गुलाबी रंग जणू दार उघडावे तसा आला. हीच दोन्ही द्रावणे शंभर पट विरल करून घेतली, तर तेवढ्याच दोन थेंबांत सामू ६ वरून कसाबसा ८ वर जातो, आणि ८ च्या थोडे पुढे गेल्याशिवाय फिनॉल्फ्थॅलिन रंग धरत नाही. रंग येतो की नाही असे होत राहते. कोणत्या थेंबाला हो म्हणावे ते ठरविता येत नाही. शाळांतून द्रावणे वाचविण्यासाठी ती फार पातळ करतात आणि मग विद्यार्थ्यांची उत्तरे जुळत नाहीत म्हणून त्यांना बोल लावतात, असे सर म्हणाले. शिक्षकांनी हे मनावर घेऊ नये. पण तपासून पहावे.

पुढच्या शनिवारी आम्ही उष्णता मोजली. आम्ल आणि अल्कली एकत्र आली की पाणी व क्षार तयार होतात आणि मिश्रण तापते. थर्मोकोलच्या पेल्यात, दर लिटरला १ मोल संहतीचे, ५० मिलिलिटर हायड्रोक्लोरिक आम्ल घेतले आणि त्यात तेवढेच, त्याच संहतीचे सोडियम हायड्रॉक्साइड ओतले. तापमापीतला पारा साडेसहा अंशांहून थोडा अधिक चढला. दोन्ही द्रावणे २ मोलांची घेतली तेव्हा तो सुमारे तेरा अंश चढला. मी लगेच वहीत लिहिले : संहती दुप्पट, उष्णता दुप्पट. सरांनी विचारले, “उष्णता, की तापमान?” आणि मग तिसरा पेला भरला. त्यात आम्ल २ मोलांचे, पण अल्कली १ मोलाचीच, दोन्ही ५०-५० मिलिलिटर. पारा पुन्हा साडेसहाच्या आसपासच थांबला. आम्ल दुप्पट संहत असून काहीच वाढ नाही. अल्कली संपली होती आणि निम्मे आम्ल तसेच शिल्लक होते. मग त्या आम्लाला पुरेल इतकी, म्हणजे १०० मिलिलिटर अल्कली घेऊन प्रयोग पुन्हा केला, तेव्हा पारा नऊ अंश चढला. साडेसहा नव्हे आणि तेराही नव्हे. उष्णता दुप्पटच निघाली होती, पण तापवायचे पाणी आता दीडपट झाले होते.

या साऱ्या पेल्यांचा हिशेब एकाच आकड्याशी येऊन थांबतो. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली यांच्या विरल द्रावणांतून एक मोल पाणी तयार झाले की सुमारे ५६ ते ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. आम्ल हायड्रोक्लोरिक असो की नायट्रिक, आकडा तोच. संहती वाढविल्याने हा आकडा वाढत नाही. तीच उष्णता थोड्या पाण्यात कोंडली जाते, म्हणून तापमान वाढते. दर लिटरला १२ मोल, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या संहत हायड्रोक्लोरिक आम्लाइतक्या संहतीचे आम्ल आणि तेवढीच संहत अल्कली समप्रमाणात मिसळली, तर याच हिशेबाने तापमान ऐंशी अंशांच्या आसपास चढेल. म्हणजे मिश्रण उकळून बाहेर उडेल. हा प्रयोग आम्ही केला नाही. तो कोणीही करू नये. आकडेमोड पुरेशी आहे.

या उष्णतेचा हिशेब ज्याने प्रथम नीट मांडला, तो जेरमेन हेस. याचा जन्म १८०२ साली जिनिव्हात झाला, पण लहानपणीच तो रशियात गेला आणि रशियाचाच झाला. वैद्यकाचे शिक्षण घेऊन त्याने सैबेरियातील इर्कुट्स्क येथे वैद्यकी केली आणि पुढे सेंट पीटर्सबर्गला रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याने रशियन भाषेत रसायनशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक लिहिले. ते अनेक वर्षे प्रमाण मानले जात होते. ज्या भाषेत हे शास्त्र अजून रुळले नव्हते त्या भाषेत ते लिहिणारा माणूस, म्हणून मला त्याच्याविषयी विशेष जवळीक वाटते.

१८४० साली हेसने सल्फ्यूरिक आम्लाचे नमुने घेतले. काहींत पाणी कमी, काहींत अधिक. प्रत्येक नमुना अमोनियाने उदासीन करून त्याने उष्णता मोजली. आम्ल जितके संहत तितकी उष्णता अधिक निघाली. येथेच थांबला असता तर ‘संहत आम्लाच्या उदासिनीकरणात अधिक उष्णता असते’ असा नियम त्याच्या नावावर लागला असता. पण सल्फ्यूरिक आम्ल नुसते पाण्यात मिसळले तरीही तापते, हे तो जाणून होता. म्हणून संहत आम्लाला त्या त्या विरलपणापर्यंत आणताना किती उष्णता निघते, तीही त्याने मोजली आणि दोन्ही आकडे मिळविले. बेरजा जवळजवळ सारख्या आल्या. फरक एक टक्क्याच्या आसपास. आम्लात आधी पाणी मिसळा व मग ते उदासीन करा, किंवा एकदमच उदासीन करा. वाट कोणतीही घ्या, आरंभ आणि शेवट सारखे असतील तर एकूण उष्णता सारखीच. ऊर्जा अक्षय्य आहे हा सिद्धान्त त्या वेळी कोणी मांडलेला नव्हता. मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांचे लेखन त्यानंतरचे, १८४२ ते १८४७ या काळातले. हेस १८५० साली वारला. त्याच्या आकड्यांमागे मुळात हायड्रोजनचा आयन आणि हायड्रॉक्सिल आयन यांचे मीलन आहे, हे कळण्यास स्वीडनच्या स्वांटे अऱ्हेनिअसची वाट पहावी लागली. त्याचा १८८४ चा उप्साला येथील प्रबंध परीक्षकांनी हलक्या श्रेणीत उत्तीर्ण केला, आणि १९०३ साली त्याच माणसाला नोबेल पारितोषिक मिळाले. असो.

हेसच्या या बेरजेचा आपल्या रोजच्या जगण्याशी संबंध आहे. आम्लात पाणी घातले म्हणजे आम्ल कमी झाले, असे पुष्कळांना वाटते. ते कमी होत नाही, पसरते. एक वाटी संहत आम्ल सांडले आणि त्यावर घागरभर पाणी ओतले, तरी ते सर्व उदासीन करण्यास अल्कली पहिल्याइतकीच लागेल. बदलते ते एवढेच, की निघणारी उष्णता घागरभर पाण्यात वाटली जाते. संहत सल्फ्यूरिक आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, हा प्रयोगशाळेतला पहिला धडा याच कारणाने आहे : थोडे पाणी संहत आम्लावर पडले तर सारी उष्णता त्या थोड्या पाण्यावर येते, ते उकळते आणि आम्ल घेऊन तोंडावर उडते.

आता शब्दांकडे वळते, कारण माझी दुसरी चूक पहिलीपेक्षा गंभीर होती.

मूळ पुस्तकात एका परिच्छेदात प्रथमोपचार सांगितला होता. अंगावर आम्ल पडल्यास त्यावर अल्कली घालू नये. ताबडतोब पुष्कळ वाहत्या पाण्याने धुवावे, असा. अनुवाद करताना अडले की मी हिंदी आवृत्ती पाहत असे. तेथे अल्कलीसाठी ‘क्षार’ हा शब्द होता. शब्द आपला, संस्कृत, ओळखीचा. तो मी तसाच उचलला आणि लिहिले : ‘आम्ल पडलेल्या जागी क्षार लावू नये.’ हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि मिठाच्या वर्गातल्या पदार्थांना म्हणतात लवण. मराठीत अल्कलीला अल्कली आणि बेसला आम्लारी म्हणतात. क्षार म्हणजे लवण. माझ्या वाक्याचा अर्थ मराठी वाचकापुरता असा झाला होता, की मीठ चोळू नये. ते तर कोणी चोळणारच नव्हते. पण घरात चुन्याची डबी असते, धुण्याचा सोडा असतो. आम्लावर उतारा म्हणून हात त्याच्याकडे जाण्याचा संभव अधिक. ज्या वाक्याने त्याला अडवावयाचे, तेच वाक्य मी निकामी करून ठेवले होते. ही चूक सरांनी पकडली नाही. त्यांच्या डोळ्यांना संदर्भाने योग्य अर्थच दिसला असावा. छपाईपूर्वीच्या शेवटच्या वाचनात ती मला स्वतःलाच दिसली, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

अल्कली का लावू नये, हे पेल्यांच्या प्रयोगाने मला समजले होते. किती आम्ल पडले आणि त्याची संहती किती, हे अपघाताच्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. अल्कली कमी पडली तर आम्ल शिल्लक राहते, जास्त झाली तर अल्कली स्वतः कातडी जाळते, आणि दोन्ही संहत असली तर त्यांच्या मीलनाची उष्णता त्या जखमेतच निघते. पाणी आम्लाला वाहून नेते आणि उष्णताही नेते. पुष्कळ म्हणजे तांब्याभर नव्हे. निदान वीस मिनिटे चालू धार, आम्लाने भिजलेले कपडे दूर करून, आणि मग तातडीने डॉक्टर. आम्लाचा शस्त्रासारखा उपयोग करून स्त्रियांवर हल्ले होतात, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आम्लाच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले, हे आपण जाणता. तशा प्रसंगी जवळ उभ्या असलेल्या माणसाला या विषयातले एकच वाक्य आठवले, तर ते बरोबर असले पाहिजे.

‘क्षार’ शब्दाच्या शोधात मी सुश्रुतसंहितेपर्यंत गेले. तेथे क्षार म्हणजे वनस्पतींच्या राखेपासून केलेली अल्कली, शस्त्रकर्मासाठी वापरावयाची. हिंदीने तो जुना अर्थ राखला आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात या भागाची दखल घेतली आहे. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण असे क्षाराचे तीन प्रकार तेथे सांगितले आहेत. राखेच्या पाण्यात भाजलेला चुना न घालता केला तो मृदू. आजच्या भाषेत, कार्बोनेटच्या जागी हायड्रॉक्साइड आले की क्षार प्रखर होतो. आणि तो किती आटवावा हे वेगळे सांगितले आहे : फार दाट नको, फार पातळ नको. सांद्रता, म्हणजे दाटपणा, हा तेथे क्षाराच्या दोषांत मोजला आहे. तीक्ष्णता एक आणि सांद्रता दुसरी. हिंदीत आजही संहत आम्लाला सांद्र अम्लच म्हणतात. ज्या भेदाला मी जड समजून वाक्यातून काढून टाकले होते, तो इतका जुना आहे. क्षाराने भाजलेल्या जागी आंबट द्रव्य लावले असता त्याची तीक्ष्णता शमते, हेही तेथे आहे, आणि ते का, याची चर्चासुद्धा आहे. आजचा वैद्य तेथेही आधी पाणीच वापरील.

‘उदासिनीकरण’ या शब्दावरही आक्षेप घेणारे लोक मला भेटले. उदासीन म्हणजे खिन्न, आणि येथे तर मिश्रण तापते, असे ते म्हणतात. पण शब्दाचा मूळ अर्थ अलिप्त बसलेला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला उदासीन राजा दोन्ही पक्षांच्या बाहेर असतो; तो दुबळा नसतो. मला हा शब्द चालतो. अडचण आहे ती वेगळीच : ॲसेटिक आम्लाला पुरी अल्कली मिळाली, दोहोंतले काहीच शिल्लक राहिले नाही, तेव्हा द्रावणाचा सामू ७ नसतो, तो ९ च्या थोडा खाली असतो. उदासिनीकरण पूर्ण होते आणि द्रावण उदासीन नसते. याला शब्दाने उपाय नाही, तळटीपच द्यावी लागते. मी दिली आहे.

सरांकडे ते पहिले वाक्य दुरुस्त करून पुन्हा पाठविले. ‘आम्लाची संहती जितकी अधिक, तितकी अल्कली जास्त लागते,’ असे आता त्याचे रूप होते, आणि यात काही उणे निघणार नाही अशी माझी खात्री होती. चार दिवसांनी कागद परत आला. ‘संहती’वर बरोबरची खूण होती, आणि समासात पुन्हा तांबडी शाई : ‘किती घनफळाच्या आम्लाला? चमचाभर संहत आम्लापेक्षा हौदभर विरल आम्लाला अल्कली अधिक लागेल.’

पुस्तकात ते वाक्य आज असे आहे : ‘एकाच आम्लाची सारख्याच घनफळाची दोन द्रावणे घेतली, आणि त्यांपैकी एकाची संहती दुसऱ्याच्या दुप्पट असली, तर त्याला तीच अल्कली दुप्पट लागते.’ वाक्य लांबले आहे. एका परिचितांनी ते बोजड झाल्याचेही मला सांगितले.